एक जूनचा अर्धा केक

सगळा घोटाळा 'थँक्यू' या एका शब्दाने झाला.

एक जूनला सकाळी ऑफिसात शिरलो, तर रिसेप्शनवरच्या बाई उठून टाळ्या वाजवायला लागल्या. "हॅपी बर्थडे!" मी मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

आता माझा जन्म सतरा नोव्हेंबरचा. पण वडील मला शाळेत घालायला गेले तेव्हा वय भरत नव्हतं, म्हणून हेडमास्तरांनी एक जून ठोकून दिली. (आमच्या वर्गात बेचाळीस मुलं, त्यातली एकतीस एक जूनची. गावात सुईण एकच. त्या दिवशी तिचं काय झालं असेल, देव जाणे.) तीच तारीख दाखल्यावरून पासपोर्टवर गेली आणि पासपोर्टवरून इथे परदेशात, ज्या कंपनीत मी लिफ्टची ड्रॉइंग्ज काढतो तिच्या कॉम्प्युटरमध्ये.

हे सगळं परक्या भाषेत, तेही सकाळी पावणेनऊला कोण समजावणार? शिवाय पासपोर्टवरची तारीख खरी नाही, हे परदेशात मोठ्याने बोलायची गोष्ट नव्हे. मी 'थँक्यू' म्हणून मोकळा झालो.

अकरा वाजता केक आला. वर आकड्यांच्या दोन मेणबत्त्या, चार आणि तीन. फुलं आली, गाणं झालं. मग साहेब म्हणाले, "आज तुला हाफ डे. घरी जा, बायको वाट बघत असेल." उरलेला अर्धा केक खोक्यात घालून, वर मेणबत्त्या ठेवून त्यांनी मला जवळजवळ ढकलूनच बाहेर काढलं. फुकटची अर्धी सुट्टी, फुकटचा केक. बसमध्ये मी हेडमास्तरांना दुवा देत होतो.

बायको लायब्ररीत काम करते, पण त्या दिवशी घरीच होती. का, हे विचारायचं मला सकाळी सुचलं नव्हतं. तिने दार उघडलं. फुलांकडे पाहिलं, खोक्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले.

"अहो, तुमच्या लक्षात होतं?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एक जून! बायकोचा वाढदिवस! अगदी खरा, दवाखान्यातला, वेळेसकट. गेल्या वर्षी मी तो साफ विसरलो होतो. तेव्हा तिने निक्षून सांगितलं होतं, "पुढच्या वर्षी विसरलात तर मी सरळ माहेरी जाईन." माहेर विमानाने नऊ तासांवर आहे, आणि ती बोलते तसं करते.

"म्हणजे काय!" मी म्हणालो.

"पण अर्धाच केक?"

"ऑफिसात सगळ्यांनी तुझ्या नावाने खाल्ला."

"माझ्या नावाने? इश्श!" तिने खोकं उघडलं. मेणबत्त्या काढून खोचल्या. "हे काय, त्रेचाळीस?"

"अगं, उलटे लावलेस." मी आकडे बदलले. चौतीस. आमच्यात नऊ वर्षांचं अंतर आहे. पत्रिका जुळवणाऱ्या गुरुजींना मी मनातल्या मनात साष्टांग नमस्कार घातला.

मग तिने फोन फिरवला. आमचे इथले जिवाभावाचे म्हणजे दंतवैद्य आणि त्यांची बायको. त्यांना संध्याकाळचं बोलावताना "ह्यांनी स्वतःहून लक्षात ठेवलं!" हे वाक्य तिने तीनदा म्हटलं. मला लाज वाटली. खरंच वाटली. पण ती इतकी खूश होती की खरं सांगायची छाती होईना.

संध्याकाळी वहिनी आल्या त्या दंतवैद्यांना टोमणे मारतच. "बघा, शिका काहीतरी!" दंतवैद्य माझ्याकडे असे बघत होते की पुढच्या वेळी माझी दाढ भूल न देताच काढतील. बायकोने नवी साडी नेसली होती. मेणबत्त्या पेटवल्या, आणि बेल वाजली.

दारात रिसेप्शनवरच्या बाई आणि साहेब. "तू कार्ड विसरलास!" हातात उशीएवढं कार्ड, त्यावर माझं नाव आणि खाली चौदा सह्या. बाईंची नजर केकवर गेली. "अरे, आकडे उलटे लागलेत!" म्हणून त्यांनी मेणबत्त्या विझवल्या, बदलल्या, पुन्हा पेटवल्या आणि दोघंही माझ्याकडे बघून गायला लागले. साहेबांचा आवाज खर्जातला आहे. वहिनींनी सभ्यपणे दोन शब्द म्हटले आणि त्या गप्प झाल्या.

बायकोने कार्ड पाहिलं. मग त्रेचाळीस पाहिले. मग मला पाहिलं.

"अहो, आज वाढदिवस कुणाचा?"

"तुझाच गं. माझा फक्त कागदावरचा."

"अरे वा!" दंतवैद्य आल्यापासून पहिल्यांदा हसले. "कागदावर माझाही एक जूनच!" आणि खिशातून लायसन्स काढून त्यांनी सगळ्यांना दाखवलं. रिसेप्शनच्या बाईंनी लायसन्स पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, बायकोचाही आजच असल्याचं ऐकलं आणि हळूच विचारलं, "तुमच्या देशात वर्षाच्या बाकीच्या दिवशी कुणी जन्मत नाही का?"

बायको सगळ्यांसमोर हसली. सगळ्यांना केक दिला, मला जरा मोठाच तुकडा दिला. पाहुणे गेल्यावर ताटल्या धुताना एवढंच म्हणाली, "माझ्या वाढदिवसाला मी तुमचं उरलेलं खाल्लं." माहेरी काही गेली नाही. मला वाटलं, सुटलो.

सतरा नोव्हेंबर उजाडला, माझा खरा वाढदिवस. सकाळी ती काही बोलली नाही. संध्याकाळी लायब्ररीतून आली ती हातात खोकं घेऊन. मला इतका आनंद झाला की मी धावत जाऊन खोकं उघडलं. आत अर्धा केक होता.

"अर्धाच?"

"लायब्ररीत सगळ्यांनी तुमच्या नावाने खाल्ला."

मी वाकून पाहिलं. क्रीमवर कुणाचं तरी नाव सुरीने खरवडल्याची खूण स्पष्ट दिसत होती.

"हा केक माझ्यासाठीच आणला होता ना गं?"

"म्हणजे काय!" ती म्हणाली आणि माझ्या हातात चमचा दिला.

मी 'थँक्यू' म्हणालो.