सदाशिवरावांचे पैकीच्या पैकी

सदाशिवरावांनी ताटावर बसल्या बसल्या बायकोला विचारलं, "तुमी जेवल्या का?" आणि तानाबाईंच्या काळजात धस्स झालं. उभ्या संसारात या माणसाने असं कधी विचारलं नव्हतं. एवढा सभ्य नवरा म्हणजे आजार बळावल्याचीच खूण. आज 'तुमी' म्हणाला, उद्या 'कोन तुमी' म्हणेल, या विचारात त्यांची तव्यावरची पोळी करपली.

नागपूरचे मेंदूचे डॉक्टर महिन्यातून एकदा यवतमाळला येत. त्यांनी अल्झायमर सांगून गोळ्या सुरू केल्या होत्या. शिरेतून द्यायचं एक नवं औषधही निघालं होतं. पण ते आजार सुरुवातीला असेल तरच देतात, आणि स्मरणशक्तीच्या चाचणीत सदाशिवरावांना मार्क थोडे कमी पडले होते. "पुढच्या खेपेला पुन्हा घेऊन पाहू," असं डॉक्टर म्हणाले होते.

हे ऐकून नात निकिता उसळली. ती कित्येक वर्षं तलाठी भरतीची तयारी करत होती. "आजी, मार्क कमी पडले तं क्लास लावा लागते! पेपर तोच येते, लिहून घे."

यवतमाळजवळच्या कळंबमधल्या त्यांच्या घरात शिकवणी सुरू झाली. मागच्या चाचणीला सोबत गेलेल्या निकिताने प्रश्न आठवून दिले आणि ती स्वतःच्या क्लासला गेली. शिकवायला उरल्या तानाबाई, लाटण्यासकट.

"जिल्हा कोनता?"

"यवतमाळ."

"शंभरातून सात गेले?"

"त्र्याण्णव."

"डॉक्टरनं सांगतलेले तीन शब्द?"

"सायकल, लिंबू, चावी!"

घोकंपट्टी अशी भिनली, की शेजारचे पुंडलिकराव फावडं मागायला आले तर "त्र्याण्णव" ऐकून परत गेले. चाचणीच्या दिवशी निकिताला घेऊन दोघं निघाले, तर एसटीत कंडक्टरने विचारलं, "आजोबा, कुठं?"

"देश भारत, राज्य महाराष्ट्र, जिल्हा यवतमाळ!"

"जिल्हा लय मोठा हाय, आजोबा. उतरायचं कुठं?"

पेपर खरंच तोच निघाला. सदाशिवराव धडाधड उत्तरं देत सुटले. डॉक्टर थक्क. "वा! पैकीच्या पैकी. यांना काही झालेलंच दिसत नाही. मग नवं औषध द्यायचं कशाला?"

तानाबाईंनी हात जोडले. "असं नका करू साहेब! दोन-चार मार्क कापा ना!"

"कापू?"

"काल यायनं चष्मा पिठाच्या डब्यात ठेवला. टीव्हीतल्या बाईले चहा नेऊन देला!"

"काहून बदनाम करता, बाई?" सदाशिवराव दुखावले.

शेवटी निकिताने शिकवणीची कबुली दिली. डॉक्टरांनी डोक्याला हात लावला आणि नवा पेपर काढला. "आजोबा, आरसा, पोपट, घंटा. लक्षात ठेवा." जरा वेळाने त्यांनी विचारलं, "कोणते शब्द?"

"सायकल, लिंबू, चावी!" सदाशिवराव छाती काढून म्हणाले.

"बरं, शंभरातून तीन गेले?"

"त्र्याण्णव!"

"सर, हे सिलॅबसच्या बाहेरचं हाय!" निकिता ओरडली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आजी, आजार पुढे गेलाय, नवं औषध यांना नाही चालणार. आणि चाललं असतं, तरी ते आजार हळू करतं, परत मागे नेत नाही. गोळ्या चालू ठेवू. यांना बोलतं ठेवा."

तानाबाईंचे डोळे भरून आले. एवढी मेहनत पाण्यात गेली होती. "मंग हे मले विसरून जातीन का हो?"

डॉक्टरांनी तानाबाईंकडे बोट दाखवून हळूच विचारलं, "आजोबा, ह्या कोण?"

हा प्रश्न शिकवणीत कुणी घेतलाच नव्हता. सदाशिवरावांनी तानाबाईंना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग खुर्ची डॉक्टरांकडे सरकवून दबक्या आवाजात बोलू लागले, तरी ते खोलीभर ऐकू येत होतं.

"ह्या आमच्या शिकवणीच्या बाई. लय कडक हायेत. पन साहेब, गोळ्या तुमी कोनत्याबी द्या, ह्यायची शिकवणी तेवढी बंद करू नका. मले ह्या लय आवडून राह्यल्या." त्यांनी दाराकडे चोरून पाहिलं. "फक्त माह्या तानीले सांगू नका. तिचा लय जीव हाय माह्यावर, तिले वाईट वाटन."

तानाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. तो कशासाठी, रडण्यासाठी की हसण्यासाठी, ते त्यांचं त्यांनाही कळेना.

"नाही सांगत तिले," त्या म्हणाल्या. "चाला आता. उद्या गणित घ्यायचं हाय."