कपाटामागची ओल

बेडरूमच्या, बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर तळहाताएवढा ओला डाग दिसला, तेव्हा मी एक छोटासा निर्णय घेतला. लाकडी कपाट सरकवून डागापुढे उभं केलं. दिसत नाही ती गोष्ट निम्मी मिटलेली असते, या तत्त्वावर मी अख्खी नोकरी केली आणि हारतुऱ्यांसकट निवृत्त झालो. भिंतीला मात्र नोकरीचा अनुभव नव्हता.

डाग कपाटाच्या वरून डोकावू लागला. पोपडे सुटले. पोपड्यांखालून काळी बुरशी निघाली आणि बायकोला खोकला लागला. डॉक्टरांनी तिची छाती तपासून मला विचारलं, "घरात ओल आहे का?"

"किंचित."

"यांच्या किंचितात मासे पोहतील, डॉक्टर," बायको खोकता खोकता म्हणाली.

त्या खोलीत पुन्हा झोपलात तर दवाखान्यात झोपावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं. ती मुलीकडे निघून गेली. जाताना म्हणाली, "भिंत कोरडी झाल्याशिवाय मी यायची नाही. आणि कोरडी म्हणजे तुमच्या हिशेबाने नव्हे."

घरात प्रथमच माझं राज्य आलं. प्रजा नव्हती एवढंच. सवयीने दोन कप चहा व्हायचा. दुसरा मीच प्यायचो, गार झाल्यावर.

शेवटी प्लंबरला बोलावलं. त्याने टिचक्या मारून भिंत तपासली.

"काका, फोडावं लागेल."

"आत काय झालंय?"

"ते फोडल्यावर कळेल."

"आणि काहीच नसलं तर?"

"मग दुसरीकडे फोडू." (इतकं स्पष्ट उत्तर मला एकाही साहेबाने दिलं नव्हतं.)

फोडायला जागा हवी म्हणून कपाट होतं तसं, बंदच, बाहेरच्या खोलीत ढकललं. बरंच बाथरूम फोडून झाल्यावर पाइपाचा गळका सांधा सापडला. प्लंबर गेला, गवंडी आला. तो म्हणाला, "आधी वाळू दे." मी खिडक्या उघडून भिंतीकडे पंखा लावला आणि स्वतः घामाघूम होऊन बसलो. बायकोचा रोज फोन.

"वाळली का?"

"वाळतेय."

"हात लावून बघा."

"बघितलं."

"खुर्ची करकरल्याचा आवाज आला नाही."

मी उठलो. लग्नाला इतकी वर्षं झाली की फोनवरही माणसाला बसल्या जागी खोटं बोलता येत नाही.

अखेर भिंत वाळली. गवंड्याने ती खरवडून गिलावा केला, रंगाऱ्याने रंग दिला. मुलगी आईला घेऊन यायची होती. एवढ्या मोठ्या विजयाला साजेसं काही अंगावर हवं, म्हणून मी कपाटातून निरोपसमारंभाचा कोट काढून चढवला.

बायको आली ती थेट भिंतीकडे. आधी हात लावला, मग गाल.

"खरंच कोरडी आहे हो!"

तिच्या तोंडून माझ्याबद्दल 'खरंच' हा शब्द बऱ्याच वर्षांनी आला होता. मी कौतुक घ्यायला जवळ सरकलो. तिला जोरात खोकला आला.

"आई, पिशवी उचल. आपण परत जातोय," मुलगी म्हणाली. मी पिशवीचा बंद धरून ठेवला. आता ती गेली की कायमचीच!

"थांब गं." बायकोने भिंतीचा वास घेतला. मग माझा घेतला. मला खांद्याला धरून वळवलं. पाठभर हिरवट मखमल उगवली होती.

"भिंत बरी आहे," ती मुलीला म्हणाली. "बुरशी यांना आलीय."

कोट उतरवला, तर आतला शर्टही त्याच कपाटातला निघाला.

बायको राहिली. आता ती आत ऐसपैस झोपते. मला गॅलरीत, उन्हाकडे पाठ करून बसवलं आहे. मधूनमधून येऊन ती माझ्या पाठीवरून हात फिरवते. (शेजाऱ्यांना ते प्रेम वाटतं.) "अजून जरा दमट आहात," म्हणते, आणि दार लावून आत जाते.