भरल्याशिवाय निघत नाही

तातोबा कोळेकराच्या जीपनं टीव्हीवरच्या, नवे रेस ड्रायव्हर निवडायच्या स्पर्धेत नाव घातलं. अर्ज तिनंच भरला. तातोबाला कळलं ते थेट बोलावणं आल्यावर. बावीस वर्षं त्यानं विटा-खानापूर रस्त्याला तिच्यावर वडाप मारलं, माणसं कोंबून नेली, पण हिच्या मनात असलं काही शिजतंय याचा त्याला वास आला नाही.

स्पर्धेच्या माळावर टेबलाशी एक पोरगी बसली होती.

“लायसन?”

“हे काय.” तातोबानं खिशातनं काढलं.

“तुमचं नको, काका. उमेदवाराचं.”

“तिचं आरसी बुक हाय.”

पोरीनं ते उलटसुलट बघितलं. “चालेल. तुम्ही कोण?”

“ड्रायव्हर.”

“ड्रायव्हर त्या आहेत. तुम्हाला पालक लिहिते. इथं सही.”

जिंकली तर तीन वर्षांचा करार. जीप टीव्हीवाल्यांकडं, तातोबा घरात. सही करताना त्याचा उजवा पाय टेबलाखाली ब्रेक दाबत होता. ती हरावी, एवढंच त्याला वाटत होतं, आणि त्यात लाजायचं काही कारण नाही.

शर्यत साध्या गाड्यांची, एकमेकींना धडक मारायला मुभा. नऊ गाड्यांत माणसं होती. जीपच्या स्टेअरिंगवर कुणी नव्हतं.

झेंडा पडला. नऊ गाड्या धुरळा उडवत गेल्या. जीप घुरघुरत जागेवर उभी राहिली.

तातोबाला कारण ठाऊक होतं. ती रिकामी होती, आणि भरल्याशिवाय ती फाट्यावरनं कधी निघाली नव्हती. आता नुसतं गप बसायचं होतं. त्यानं हात मांडीखाली दाबले. उठला. पुन्हा बसला.

शेजारचा एक जाडा म्हणाला, “असलं भंगार घेतात कशाला? वजनावर घाला म्हणावं.”

“ऊठ,” तातोबा म्हणाला.

“का?”

“ऊठ म्हणतो न्हवं! चला खानापूर, खानापूर! एकच शीट, एकच शीट!”

एकच शीट म्हटल्यावर माणसं पळत आली. चौदा बसली, जाडा धरून. जीप हलेना. अजून एक शीट कमी होतं.

“पालक बसला तर चालतंय का?” तातोबानं पोरीला विचारलं.

“प्रवासी म्हणून. स्टेअरिंगला हात लावायचा नाही.”

तातोबा जन्मात पहिल्यांदा मागच्या बाकावर बसला. जीप सुटली. पंधरा माणसांच्या वजनाला जी धडकली ती गाडी स्वतःच खड्ड्यात गेली. शेवटच्या चकरेला जीप सगळ्यांच्या पुढं होती.

वडापात टपावर एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. तातोबाचा हात कधीचा शिवशिवत होता. त्यानं थाप मारली.

जीप मंदावली. मागनं एक गाडी जवळ आली.

“काका, काय करताय!” जाडा ओरडला. “आपली गाडी पुढं हाय!”

तातोबानं दुसरी थाप मारली.

करारावर पालकाची सही लागली, ती त्यानं केली. परत जाताना फाट्यावर दुसरी जीप उभी होती. चौदा बसले होते. तातोबा चढला. स्टेअरिंगवर कुणी नव्हतं. ड्रायव्हर मागच्या बाकावर होता, त्यानं सरकून जागा दिली.

“आमचीनंबी अर्ज भरलाय,” तो म्हणाला. “सराव करतीया.”

तातोबानं टपावर दोन थापा मारल्या.