चंद्राक्का कोंबडीची साहेब ओळखायची रीत

एका जंगलात वीज आली होती. म्हणजे खांब आले होते, मुलांनो. वीज तिच्या मर्जीनं यायची.

तिथं चंद्राक्का नावाची रानकोंबडी राहायची. तिनं आपली अंडी खोक्यात, बल्बखाली उबवायला ठेवली होती. स्वतः बसायला तिला वेळ कुठला? साऱ्या जंगलाची उणीदुणी काढायची असत. शिवाय ‘अंड्यांवर बसतात त्या अडाणी,’ असं ती चारचौघींत बोलून गेली होती.

अंडी उबायला लागली आणि एका सकाळी फोन वाजला.

“नमस्कार मावशी. उजेड खात्यातून साहेब बोलतोय. तुमचं मागचं बिल जमा दिसत नाही. संध्याकाळी लाइन कापावी लागेल. फार वाईट वाटतं हो.”

चंद्राक्कानं खोक्याकडं पाहिलं. बल्ब विझला की अंडी गार!

“अहो साहेब, भरलंय मी!”

“घाबरू नका. आधी पाणी प्या. मग फोनवर ओटीपी येईल, तेवढा मला सांगा. बाकी मी बघतो.”

ती पाणी प्यायली. घोट गिळायला मान वर केली, ती वरच राहिली. उजेड खातं आपल्याला पाणी प्या म्हणालं?

“थांब मुडद्या तिथंच,” ती म्हणाली.

“थांबतो ना मावशी. सावकाश होऊ द्या.”

शिवी खाऊनही थांबतो! तिनं फोन आपटला आणि तडक खात्याचं ऑफिस गाठलं. खिडकीत रेडा रवंथ करत होता.

“भाऊसाहेब, माझं बिल...”

“जेवणाची सुट्टी आहे.”

“अहो, आत्ता तर ऑफिस उघडलं!”

“मग? तुला विचारून जेवू? भरलंय तुझं बिल. हो बाजूला, वारा अडवू नकोस.”

चंद्राक्काचा जीव भांड्यात पडला. याला म्हणतात खरं खातं!

घरी येते तो पुन्हा फोन. “मावशी, आला का ओटीपी?”

“कोल्ह्या, ओळखलं तुला! जंगलात इतकं मऊ बोलणारा दुसरा आहे कोण?”

“पण मी चुकलो कुठं, मावशी?”

इथं गप्प बसायचं असतं, मुलांनो. पण शहाणपण पोटात ठेवलं तर ते मिरवायचं कधी?

“अरे, खात्यातला माणूस नमस्कार करत नाही. खेकसतो. अर्धं बोलतो आणि फोन आपटतो. तू मेल्या पाणी पाजतोस!”

“उपकार झाले, मावशी.”

चंद्राक्का तुरा उडवत जंगलभर हिंडली. खरा साहेब कसा ओळखावा, ते तिनं सशापासून हत्तीपर्यंत सगळ्यांना शिकवलं.

मग एका दुपारी फोन आला.

“ए कोंबडे! वीज जाळायला बरी येते! माणूस निघालाय लाइन तोडायला.”

“साहेब, माझी अंडी हो...”

“त्यांचं मी काय ऑम्लेट करू? ओटीपी बोल. मला जेवायला जायचंय.”

जेवायचं नाव निघालं आणि तिची खात्रीच पटली. तिनं ओटीपी सांगितला. पलीकडून फोन आपटला गेला. तिला बाई बरं वाटलं.

मुंग्यांच्या बँकेत ठेवलेले तिचे सगळे दाणे गेले. सशाचे गेले, हत्तीचेही गेले. शिकवणी सगळ्यांची तिच्याकडेच होती ना!

पुढं खरं बिल आलं. भरायला दाणा नव्हता. खात्यानं लाइन तोडली. न सांगता.

आता अंडी गार पडणार. चंद्राक्कानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं आणि बसली अंड्यांवर. त्या चारचौघी बघायला आल्याच. संतापानं तिचं अंग असं पेटलं की बल्बनं काय तापावं! बसल्या जागी तिनं कोल्ह्याला, रेड्याला आणि बघ्यांना शिव्यांची लाखोली वाहिली.

सगळी अंडी फुटली. पण आत असताना पिल्लांनी दुसरं काही ऐकलंच नव्हतं. पहिलं पिल्लू बाहेर आलं ते आईवरच खेकसलं, “काय बघतेस? रांगेत उभी राहा!”

उजेड खात्यानं सगळी पिल्लं तिथल्या तिथं नोकरीला घेतली.

तात्पर्य: चोरानं साहेबासारखं खेकसायला जरूर शिकावं, पण साहेबानं चोरासारखं गोड कधी बोलू नये. लोकांची भीती मोडली, तर ते ओटीपी सांगण्याआधी विचार करायला लागतील.