सावित्रीवरचा स्वस्त उपग्रह

आमचे शेजारी साळवी सर नदीत दगड टाकायचे. महाडच्या शाळेतून विज्ञान शिकवून निवृत्त झालेला हा माणूस भरतीची वेळ झाली की सावित्रीच्या पुलावर उभा राहायचा, कठड्यावरून दगड सोडायचा आणि ‘डुबुक’ ऐकू आलं की शर्यतींचं जुनं स्टॉपवॉच दाबायचा. दगडांची पिशवी धरायला मी. कचेरीतला कारकून, दोन मुलांचा बाप. नाही म्हणणं मला जमत नाही. एसटीत खिडकीची जागा मिळाली तरी मला अपराधी वाटतं.

या सगळ्याचं मूळ वर्तमानपत्रातल्या एका बातमीत होतं. अमेरिकेचा कुठलासा उपग्रह समुद्रावर रडारची लहर सोडतो आणि ती परत यायला किती वेळ लागला त्यावरून पाण्याची उंची काढतो.

"समुद्र सपाट नसतो, सुधाकर! त्यालाही उंचवटे असतात. आपल्याकडे रॉकेट नाही, पण पूल आहे. स्वस्तात काम!"

पहिल्या दिवशीच्या गणितात पाणी नदीच्या तळाच्याही खाली निघालं. वर होडी चालली होती.

"सरासरी!" सर म्हणाले. प्रत्येक शंकेला त्यांचं हेच उत्तर. "एक मोजणी चुकते. पुष्कळ घेतल्या की चुका एकमेकींना खातात. टाक पुढचा."

खालून होडीवाला ओरडला, "ओ सर, डोकं फोडताय काय? होडी हाय खाली, दिसत नाय?"

माफी मी मागितली. सर सरासरी काढत होते.

एकदा मी धीर करून विचारलं, "सर, आपण ओहोटीचं पाणी का मोजत नाही?"

सर पुलावरून उतरून काठाशी गेले. मी पिशवी घेऊन मागोमाग.

"मिलिंदचं पत्र नाही बरेच महिने," ते म्हणाले. मिलिंद त्यांचा एकुलता एक मुलगा, मालवाहू बोटीवर होता. "भरतीला समुद्र बाणकोटच्या खाडीतून इथवर येतो. ओहोटीला काय, नुसती नदी."

त्यांनी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं. "खारट आहे. बघ तू."

मीही घेतलं. दाताखाली गाळ कचकचला. पाणी आमच्या विहिरीइतकं गोडं होतं.

"आहे, सर," मी म्हणालो. "चांगलंच खारट आहे."

सरांनी हात धोतराला पुसले. "मग चल वर. दगड आहेत ना अजून?"

नव्हते. मी काठावरचे वेचायला लागलो.