हकिगत तोकुजी झेलकऱ्याच्या आवाजाची

श्री. जिणें हातास बळ दिलें आणि कानास भूलही दिली, त्या शक्तीस दंडवत घालोन लिहिणारा लिहितो ऐसें जे: शके एकोणीसशें चोवीस, चित्रभानु नाम संवत्सर, ते समयीं पूर्वसमुद्रांतील बेटांचे राज्यांत बेसबॉल नामें खेळ मोठे मातबरीस चढला होता. शहरोशहरीं मैदानें, मैदानोमैदानीं फौजा, आणि फौजेचा सारा भार चेंडू फेंकणारे गोलंदाजावर. परंतु पैलतीरीं थोरली गादी होती, मेजर लीग ऐसें तिचें नांव, आणि बेटांवरील जो वीर नांवारूपास येई त्याची नजर तिकडेच लागे. आणि मालकांनीं संमती दिली तरच समुद्र लवकर ओलांडणें घडे, नाहीं तर नऊ वर्षें चाकरी चुकत नसे.

ऐशा एका फौजेंत तोकुजी इगारी नामें झेलकरी होता. झेलकरी म्हणजे गोलंदाजासमोर उकिडवा बसोन चामड्याचे पंजांत चेंडू धरणारा. परंतु तोकुजी रणांतला नव्हे, तालमीचा. वीस वर्षें तालीमखान्यांत बसला, गुडघे झिजले, डाव्या हाताचीं बोटें वांकडीं जाहलीं, आणि भरल्या मैदानांत एक दिवस खेळावयास मिळालें नाहीं. तरी त्याचे हातीं एक कसब होतें. चेंडू पंजाचे नेमके खळग्यांत घ्यावा, आणि घेतेक्षणीं मूठ ऐसी आवळावी कीं तोफ सुटल्यासारखा आवाज व्हावा. तो आवाज ऐकोन गोलंदाजास वाटे, वाहवा, आज हातांत बळ आहे. आणि मग तो रणांत खरेंच जोरानें खेळे. आवाज चेंडूचा नव्हे, झेलकऱ्याचा, हें गोलंदाजास कधीं सांगूं नये, हा त्या पेशाचा कुळाचार. आणि तोकुजीनें तो निष्ठेनें पाळिला, फार निष्ठेनें पाळिला, तेंच पुढें नडलें.

कां कीं त्या फौजेंत रेंसुकेराव कुवाबारा अठरावे वर्षीं दाखल जाहले. उंच, सडपातळ, आणि भित्रे. पहिले दिवशीं चेंडू हातांतोन सुटेना. तोकुजीस कींव आली आणि त्यानें पहिलाच चेंडू ऐसा झेलिला कीं छपरावरील कबुतरें उडालीं. रेंसुकेराव थक्क होवोन म्हणाले, “दादा, हा माझा चेंडू?” तोकुजी म्हणाला, “तुमचा नाहीं तर काय माझा?” आणि त्या मुखावर जें हसूं उमटलें तें पाहोन तोकुजीचा जीव भांड्यांत पडला. मग सहा वर्षें रोज शेंदीडशें चेंडू, आणि रोज तोच आवाज. रेंसुकेराव राज्यांतील पहिले गोलंदाज जाहले. येथें लिहिणारा स्पष्ट लिहितो कीं त्यांचा चेंडू मुळांतच थोर होता, आवाजाची त्यास गरज नव्हती. परंतु आरंभीं भीति घालवावयास दिलेली गोष्ट पुढें संवय होवोन बसली, आणि ती मोडावयाचें धैर्य तोकुजीस जाहलें नाहीं. खरें सांगावें तर त्यासही गोड वाटत होतें, आपणावांचोन कोणाचें तरी अडतें म्हणोन.

मग आरंभीं लिहिलेल्या चित्रभानु सालीं माघमासीं मालकांनीं संमती दिली. विमानीं बसावयाचे वेळीं रेंसुकेरावांनीं तोकुजीचा वांकडा हात हातीं धरिला आणि म्हणाले, “दादा, तुम्हांसही मागितलें मी. तिकडचे म्हणाले, झेलकरी आमचेकडे पुष्कळ आहेत.” तोकुजीचे जिभेवर खरी गोष्ट आली होती, परंतु निघतेवेळीं माणसाचें मन कशास मोडावें, ऐसें म्हणोन गिळिली. “प्रकृतीस जपा,” एवढेंच बोलिला.

मग शके एकोणीसशें पंचवीस, वैशाखमासीं पत्र आलें. लिहिलें होतें, “दादा, येथें माझा चेंडू मुका जाहला. येथील झेलकरी चेंडू अलगद उचलोन घेतात, आवाज म्हणोन नाहीं. लोक म्हणतात उत्तम चाललें आहे, पण मला बरें वाटावें म्हणोन म्हणत असतील. माझें बळ गेलें काय? तुम्ही खोटें बोलणार नाहीं, म्हणोन तुम्हांसच पुसतों.” हें वाचोन तोकुजी लिहावयास बसला. कागद घेतला आणि लिहिलें, “आवाज माझा होता.” मग वाटलें, परमुलुखीं एकट्यास हें वाचून काय होईल, इतक्या वर्षांचा भरंवसा एका ओळींत जाईल. कागद फाडिला. दुसरा घेतला आणि लिहिलें, “बळ कोठें जात नाहीं. खांदा पुरता लावोन फेंका, आवाज येईल.”

आणि रेंसुकेरावांनीं दादांचा शब्द मानिला. तेथें शंभर चेंडू जाहले कीं हात आवरावा ऐसा दंडक. रेंसुकेराव तो दंडक पाळोन मागाहून चोरून भिंतीवर फेंकूं लागले, कीं भिंत तरी आवाज देते. श्रावणांत कोपराची शीर तुटली. वैद्यांनीं हात चिरोन सांधिला, परंतु सांधला नाहीं. पुढलें संवत्सर तारण नांवाचें, आणि तारिलें कोणास नाहीं. त्या सालीं कार्तिकांत रेंसुकेराव परत आले.

भर दुपारीं तालीमखान्यांत आले, पंचवीस वर्षांचे आणि चालणें म्हाताऱ्याचें. म्हणाले, “दादा, एक चेंडू घ्या. शेवटला.” तोकुजी बसला. मनाशीं पक्कें केलें होतें कीं आज जैसा येईल तैसा धरावा. मग चेंडू आला, रांगत्या पोरास टाकावा तैसा आला, आणि तोकुजीनें कींव येवोन मूठ आवळली. तोफ सुटली. कबुतरें उडालीं.

रेंसुकेरावांचे मुखावर तेंच अठरा वर्षांचें हसूं उमटलें. मग हळूहळू मावळलें.

“दादा, या चेंडूंत कांहीं नव्हतें.”

“नव्हतें.”

“मग आवाज?”

तोकुजीनें पंजा खालीं केला. “माझा.”

“केव्हांपासोन?”

“पहिले दिवसापासोन.”

रेंसुकेराव म्हणाले, “म्हणजे माझें कधीं कांहीं नव्हतेंच.” आणि रीतीप्रमाणें कंबरेंत लवोन नमस्कार केला आणि दाराकडे वळले. तोकुजी उठूं गेला तों गुडघे उठूं देईनात, तेथूनच ओरडला, “नाहीं हो रेंसुकेराव! चेंडू खरा होता! तुमचेसारखा चेंडू वीस वर्षांत हातीं लागला नाहीं!” रेंसुकेराव दारांत थांबले, आणि मान न वळवितां म्हणाले, “दादा, आतां पुरे.”

त्याउपरि तोकुजीनें आवाज काढणें सोडिलें. नवे गोलंदाज कुरकुरले, आणि मालकांनीं त्यास रजा दिली. सारांश, वीस वर्षांत तोकुजी एकदांच पुरतें खरें बोलिला, आणि तेंच मानिलें गेलें नाहीं. हकिगत संपली.