शुक्रवारपर्यंत टेबलं

आमच्या घरात कामांची वाटणी चोख आहे. इंग्रजी माझ्या नावावर, बाकीचं सगळं बायकोच्या! हिशेब बरोबर आहे असं माझं मत आहे. बायकोचं मी अजून विचारलेलं नाही.

म्हणून तिच्या मातीच्या भांड्यांचं पहिलं प्रदर्शन ठरलं, तेव्हा हॉलच्या व्यवस्थापकाशी बोलायला मीच छाती पुढे काढली. त्याला इंग्रजीशिवाय काही येत नव्हतं. आणि मला इंग्रजी येतं, असा घरात समज होता. पसरवलेला मीच.

"अहो, एवढंच कळवा," फिरत्या चाकावरची नजर न काढता बायको म्हणाली. "प्रदर्शन शनिवारी सकाळी. शुक्रवारपर्यंत टेबलं मांडून ठेवा म्हणावं. शहरातल्या एका मोठ्या दुकानाच्या मालकीणबाई मुद्दाम बघायला येणार आहेत. त्यांनी माझी भांडी दुकानात ठेवली तर ठीक, नाहीतर हे चाक विकून टाकायचं ठरवलंय मी."

"अगं, निर्धास्त राहा! एका ओळीचं काम!"

आणि मी ती ओळ लिहिली: 'कीप टेबल्स रेडी टिल फ्रायडे.'

लगेच उत्तर आलं: 'ओन्ली टिल फ्रायडे?'

माणूस चालढकल करणारा दिसतोय, मी ताडलं. असल्यांना वेळीच दटावलेलं बरं! 'येस! ओन्ली टिल फ्रायडे! नॉट वन डे मोअर!'

'ॲज यू विश,' तो नरमला. मी कॉलर ताठ केली.

शनिवारी सकाळी आम्ही खोकी घेऊन हॉलवर पोचलो. बायको, मी आणि ओझी उचलायला माझी धाकटी बहीण. दार उघडलं. फरशी आरशासारखी चकाचक! आणि आरशासारखीच रिकामी!

"दादा," बहीण खोक्याआडून म्हणाली, "टेबलं कुठायत?"

तेवढ्यात टाचणीसारखा सडसडीत व्यवस्थापक हसत हसत आला. काल संध्याकाळीच सगळी टेबलं दुसऱ्या इमारतीत पाठवली, एकसुद्धा मागे ठेवलं नाही, असं त्यानं इंग्रजीत अभिमानानं सांगितलं. "तुम्हीच म्हणालात ना, शुक्रवारनंतर एक दिवसही नको? मला वाटलं, शनिवारी नाचबिच असेल!"

आता यात माझी काय चूक? आपल्याकडे 'पर्यंत' एकच. बिचारं दोन्हीकडे राबतं. इंग्रजांना कुठली काटकसर! काम शुक्रवार संपायच्या आत उरकायचं असेल तर त्यांना लागतो 'बाय'. शुक्रवार संपेतो चालू ठेवायचं आणि मग गुंडाळायचं असेल तर 'टिल'. मी गुंडाळायला सांगितलं होतं!

पण मी हार मानणारा नव्हे. बायकोच्या कष्टांची जाणीव करून दिली तर हा माणूस विरघळेल, असा मी हिशेब केला. कळवळून म्हणालो, "सर! माय वाइफ वर्क्स हार्डली! डे अँड नाइट, हार्डली!"

त्यानं बायकोकडे बघितलं. मग माझ्याकडे. "मग टेबलांची एवढी घाई कशाला?"

"दादा!" बहिणीनं कपाळाला हात लावला. "मेहनतीनं म्हणजे 'हार्ड'! 'हार्डली' म्हणजे जेमतेम! वहिनी रात्रंदिवस जेमतेम काम करते म्हणून सांगितलंस तू!"

"अगं, पण 'स्लो'चं 'स्लोली' होतं, तर—"

"अहो," बायको शांतपणे म्हणाली. ती शांत झाली की मी घाबरतो. "तुम्ही खोकी उघडा. तोंड नको."

तिनं खोक्यांतले कागद फरशीवर अंथरले आणि त्यांवर कप, बरण्या, फुलदाण्या मांडायला सुरुवात केली. दोघी नणंद-भावजया गुडघ्यांवर सरपटत होत्या. शेवटची बरणी ठेवली आणि दारात मालकीणबाई!

त्यांनी एकदा हॉलभर नजर फिरवली. मग बाई चक्क खाली बसल्या! एक कप उचलला, उलटा केला, बोट फिरवलं. दुसरा. तिसरा. चांगला अर्धा तास बाई जमिनीवरून हलल्या नाहीत. शेवटी इंग्रजीत म्हणाल्या, "भांडी मी दुकानात ठेवणार. आणि ही जमिनीवरची मांडणी सुंदर! कल्पना कुणाची?"

"माझी!" मी पुढे सरसावलो. बहिणीनं पायावर पाय दिला.

"छान! मग पुढचा पत्रव्यवहार तुमच्याशीच करायचा ना?"

"नो!" बायको ताडकन उठली. तिचं इंग्रजी मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. "हजबंड सायलेंट!"

बाई हसल्या. "सायलेंट? टिल व्हेन?"

बायको माझ्याकडे वळली. "अहो, 'टिल' म्हणजे तोवर चालू, मग बंद. असंच ना?"

"हो," मी पुटपुटलो.

"मग 'टिल' नको," ती म्हणाली, आणि बाईंना ठणकावून सांगितलं, "नो टिल!"

व्याकरणात बसत नाही. पण अर्थाबद्दल हॉलमध्ये कुणालाच शंका उरली नाही. मी रिकामी खोकी आवरायला घेतली.